हलव्याचे दागिने

स्नेह हा डोळ्यांस दिसत नाही, म्हणून मनुष्य त्याला काही ना काही रूप देऊ पाहतो. सणाच्या दिवशी त्याला साखरेचे रूप देण्याची कल्पना मात्र एकट्या आपल्या देशाची नव्हे. जर्मनीतील जत्रांत मध व मसाले घालून भाजलेल्या जिंजरब्रेडचे मोठाले बदाम फितींना बांधून टांगलेले असतात. त्यांवर साखरेच्या नक्षीत प्रेमाचे दोन शब्द लिहिलेले असतात, आणि तरुण मंडळी ते आपल्या प्रिय माणसाच्या गळ्यात घालतात. उत्तर क्रोएशियातील अशा लाल बदामांची कारागिरी तर इतकी नामांकित आहे, की युनेस्कोने २०१० साली तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

या नक्षीची एक युक्ती आमच्या वाचकभगिनींस आवडेल. कुशल स्त्रिया पुष्कळदा नक्षी थेट जिंजरब्रेडवर काढीतच नाहीत. कागदावर चित्र काढून त्यावर गुळगुळीत पारदर्शक कागद ठेवतात, पिठीसाखर व अंड्याचा पांढरा भाग घोटून केलेल्या लेपाने ते चित्र वरच्या कागदावर गिरवितात, आणि ते एक-दोन दिवस वाळू देतात. वाळलेले साखरेचे फूल पातळ सुरीने अलगद सोडवून त्याच लेपाच्या थेंबाने जिंजरब्रेडवर चिकटवितात. फूल मोडले तर दुसरे करता येते. खाली भाजून ठेवलेला पदार्थ वाया जात नाही.

अंड्यामुळे ही नक्षी आपल्या स्वयंपाकघरांत सहसा शिरली नाही. परंतु तिची उणीव आपणांस भासावी असेही नाही. कारण साखर वेगळी घडवून मग तिने दुसरी वस्तू सजविण्याची कला महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर घालतात ते हलव्याचे दागिने, हीच ती कला होय.

हलव्याला साखरेइतकीच हवाही चांगली लागते, आणि या बाबतीत नाशिक जिल्ह्यातील निफाड भाग्यवान म्हटले पाहिजे. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तपमानाची बातमी पुष्कळदा तेथूनच येते. काही वर्षी तेथला पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. द्राक्षबागायतदारास ही थंडी काळजीची. मणी तडकू नयेत म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवितो. पण हलवा करणारीस हीच कोरडी थंडी हवी असते. दमट हवेत साखर ओल धरते आणि काटा बसतो. कोरड्या हवेत पाकाचा थेंब दाण्यावर पडताच सुकू लागतो व काटा टोकदार उभा राहतो.

कृती सांगावयास सोपी, पण करावयास चिकाटीची आहे. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळावे, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढावी, आणि एकतारी पाक गाळून घ्यावा. निखाऱ्यावर राख पसरून मंद केलेल्या शेगडीवर परात ठेवावी व तीत मूठभर तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यावा. त्यावर चमचा-चमचा पाक सोडून बोटांच्या टोकांनी दाणे सारखे फिरवीत राहावे. एक चमचा पुरता सुकल्यावाचून दुसरा घालू नये. उतावळेपणाने पाक जास्त पडला, तर दाणे एकमेकांस चिकटतात व आलेला काटाही मोडतो. एका बैठकीत हे काम संपत नाही. रोज थोडा वेळ याप्रमाणे तीन-चार दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतात.

पुढे दागिने करताना हलव्याला सुई लावीत नाहीत, कारण दाणा फुटतो. दोऱ्याचा फास काट्यांत अडकवून एकेक दाणा बांधीत जावे लागते. या सरांच्या बांगड्या, बाजूबंद, तन्मणी, बिंदी व मंगळसूत्र होतात. जावयासाठी हार, गुच्छ व हलव्याने मढविलेला नारळ करतात. आणि बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट व बासरी. काळ्या वस्त्रावर पांढरा हलवा इतका खुलून दिसतो, की खरे मोतीही त्यापुढे फिके वाटावे. हे दागिने आता बाजारात तयार मिळतात, आणि नोकरी सांभाळणाऱ्या गृहिणीने ते आणले, तर तिला बोल लावण्याचे कारण नाही. तरीही आपल्यासाठी सासू-जावांनी चार दिवस परातीपाशी बसून हे केले, ही जाणीव नव्या घरात बावरलेल्या मुलीला जो धीर देते, तो विकतच्या दागिन्याने क्वचितच मिळतो.

पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. परातीपाशी बसणाऱ्या हातांत घरातील एखाद्या विधवा आत्याबाईंचे वा काकूंचे हात असतील, तर हळदीकुंकवाच्या वेळी त्या कोठे असतात? पुष्कळ घरांत अजूनही त्या आतल्या खोलीत असतात. त्यांनी केलेला हलवा सर्वांस चालतो. त्यांनी मात्र तो सुनेच्या गळ्यात घालावयाचा नाही.

निफाडचे नाव येथे पुन्हा घेतले पाहिजे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. त्यांचा जन्मदिवस बहुधा हळदीकुंकवाच्या दिवसांतच येतो. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली, आणि समाजाचीही मिळावी म्हणून झटणाऱ्यांत रानडे अग्रभागी होते. परंतु १८७३ साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली व विधवेशी नव्हे, तर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. एवढ्या मोठ्या सुधारकाचेही घरात चालले नाही, यावरून माजघरातील रूढी सभेतल्या ठरावाहून किती बळकट असते हे दिसून येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या वाट्यास येणाऱ्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव गावाने केला. त्याचा अंमल मात्र घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्याच हाती आहे.

यासाठी मोठा समारंभ नको, की वादविवादही नको. येत्या संक्रांतीला ज्यांनी हलवा केला त्या साऱ्या जणींस बैठकीत बोलवावे, आणि सुनेच्या गळ्यात पहिला हार आत्याबाईंच्या हातून पडू द्यावा. सुनेनेही त्यांना वाकून नमस्कार करावा व तिळगूळ द्यावा. गोड बोला असे आपण त्या दिवशी ज्याला त्याला सांगतो. त्या गोडव्याचा पहिला वाटा घरातल्याच माणसास मिळावा, एवढीच आमची विनंती आहे.