कणी खाऊन पिल्लू लुळं का पडतं?

1889 साली जावा बेटावरच्या बटाव्हियात, लष्करी रुग्णालयाच्या आवारातल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या. डच डॉक्टर क्रिस्तियान आयकमान तिथे बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा जंतू शोधत होते. जंतू सापडला नाही आणि काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. मधल्या काळात त्यांना रुग्णालयातला उरलेला, पॉलिशच्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि मुलकी कोंबड्यांना लष्करी भात द्यायला तो राजी होईना, म्हणून त्यांना पुन्हा साधा, बिनपॉलिशचा तांदूळ मिळू लागला. त्याच्या या हटवादीपणामुळेच कोंबड्या वाचल्या! या तांदळाच्या कोंड्यातलं तारक द्रव्य म्हणजे थायमिन, ब-1 जीवनसत्त्व. आयकमान यांना 1929चं नोबेल मिळालं.

आपल्याकडेही पिल्लांपुढे तांदळाची कणी टाकायची रीत जुनी आहे. आईमागे उकिरडा उकरणाऱ्या पिल्लांचं त्यावर निभतं, कारण किडे, वाळवी, कोवळा पाला ती स्वतः मिळवतात. हॅचरीतून आणलेल्या पिल्लांना मात्र भांड्यात पडेल तेवढंच. कणीत प्रथिनं जेमतेम 7-8 टक्के आणि पिल्लाला लागतात 20-22. म्हणून स्टार्टर खाद्यात मक्याला सोयापेंडीची जोड देतात. सोयात मेथिओनिन कमी, ते वरून घालावं लागतं. रायबोफ्लेविन कमी पडलं तर पिल्लाची बोटं आत वळतात आणि ते घोट्यांवर बसून सरकू लागतं.

अंड्यातल्या बलकाचा साठा पोटात असल्याने पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं. तरी खाद्य लवकर दिलेलं बरं. पहिल्या दिवशी बल्बखाली कागद अंथरून त्यावर भरडा पसरतात. रात्री गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी. भरलेली आणि मऊ लागली, तर पिल्लू खातंय आणि पितंयही. कडक लागली, तर पाणी कमी पडतंय.

घरात अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं आहेच, तेच पिल्लांना घातलं तर? त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियमने त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खाद्यात मिसळायच्या शेंगदाणा पेंडीला कुबट वास आला तर ती टाकून द्यावी. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिनने एक लाखाहून अधिक टर्की मेल्या होत्या.

पिल्लांच्या रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम हे औषध थायमिनचंच सोंग घेतं आणि आतड्यातल्या परजीवींची उपासमार करतं. त्यामुळे हे औषध चालू असताना पाण्यात ब-जीवनसत्त्वाचं टॉनिक मिसळलं, तर औषधाचा जोर उतरतो.