पोट तटतटले, वारा सरेना : एरंडेल नको, दवाखाना गाठा



पिकांवरची कीड, खते, बियाणे यांबद्दल मी तुमच्याशी नेहमी बोलतो. आज घरातल्या माणसाच्या पोटाबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, शेतीखात्यातला माणूस आहे. पण जो धडा आमच्या घराने सोसून घेतला, तो तुमच्या कानावर घालणे मला गरजेचे वाटते. त्यातली औषधोपचाराची बाजू मी जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतली आहे.

2009 साल. हुरड्याचे दिवस. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, संध्याकाळी पोट धरूनच शेतावरून आले. कळ यायची, जीव कासावीस व्हायचा, थोड्या वेळाने ओसरायची आणि पुन्हा यायची. दोन उलट्या झाल्या. ‘हुरडा बाधला’ असे सगळे म्हणाले, आणि बी.एस्सी. झालेल्या मीही मान डोलावली. काकूंनी ओवा दिला, मी सोडा दिला, रात्री शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एरंडेल पाजले. पहाटे उलटी हिरवट झाली, पोट नगाऱ्यासारखे तटतटले. शहरातल्या दवाखान्यात पोचायला दुपार झाली.

डॉक्टरांनी पोट तपासले आणि लगेच जांघ पाहिली. अण्णांना दहा वर्षांपासून अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा त्रास होता. लंगोट आवळून ते कामे करीत. त्याच फटीत आतडे अडकून काळे पडले होते. दोन फूट आतडे कापून काढावे लागले. अण्णा वाचले, पण डॉक्टरांचा प्रश्न अजून माझ्या कानात आहे : “काल रात्रीच का नाही आणले?”

पाट तुंबला म्हणजे काय होते?

माणसाचे लहान आतडे सुमारे 20 फूट आणि मोठे आतडे सुमारे 5 फूट लांब असते. खाल्लेले-प्यालेले, लाळ, पित्त आणि इतर पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पातळ पदार्थ त्यात उतरतो. त्यातला बहुतेक आतडीच शोषून घेतात. पाटात मध्येच ढेकूळ अडकले तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. वर पाणी तुंबते आणि शेवटी कड फुटते. पोटातही तसेच होते. तुंबलेले पाणी उलटीवाटे जाते आणि रोगी आतून सुकतो. जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते. त्यातून आतड्याला पीळ पडला किंवा ते आवळले गेले, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग काही तासांतच आतडे मरते, फुटते, आणि जिवावर बेतते.

अशा वेळी जुलाबाचे औषध देणे म्हणजे पाट तुंबलेला असताना वरून मोटर चालू करणे. जनावराचे पोट फुगले की आपण गोडेतेल पाजतो, पण तो न्याय माणसाला लावू नका.

चार खुणा ध्यानात ठेवा

एक, थांबून थांबून येणारी जोराची कळ. दोन, उलट्या, आधी अन्नाच्या, मग हिरव्या-पिवळ्या, फार उशीर झाला तर शेणासारखा वास येणाऱ्या. तीन, पोट फुगणे. चार, शौचाला न होणे आणि वाराही न सरणे. चारही खुणा जमण्याची वाट पाहू नका. अडथळ्याच्या खाली साठलेला मळ सुरुवातीला एकदा बाहेर पडतो, त्याने फसू नका.

कळ न थांबता सलग दुखू लागले, ताप आला, नाडी जोरात चालली, पोटाला हात लावू देईना, तर एक घटकाही दवडू नका.

हे कुणाला होते?

पूर्वी पोटाचे ऑपरेशन झालेल्यांच्या आतड्यांना आतून चिकटपट्ट्या तयार होतात. वर्षांनंतरही त्यात आतडे अडकते. जुना हर्निया हे दुसरे मोठे कारण. आतड्याचा क्षय, म्हातारपणी मोठ्या आतड्याला पडणारा पीळ किंवा तिथली गाठ, आणि मुलांमध्ये जंतांचा गोळा, हीही कारणे आहेत. वर्षाच्या आतबाहेरचे मूल मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मग मलूल पडते, आणि लालसर चिकट शी करते, तर एका आतड्यात दुसरे शिरलेले असू शकते. तिथे ‘नजर लागली’ म्हणत बसू नका.

घरी काय करावे?

तोंडाने काहीच देऊ नका. अन्न नाही, चहा नाही, काढा नाही. पोट चोळू नका, शेकू नका, बिब्बा घालू नका. जांघेतली गाठ आत ढकलू नका. 108 ला फोन करा. जुन्या ऑपरेशनचे कागद आणि रेशनकार्ड बरोबर घ्या. जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे असाच दवाखाना गाठा.

दवाखान्यात काय करतात?

आधी सलाईन लावून सुकलेले शरीर सावरतात. नाकातून नळी घालून तुंबलेले पाणी काढतात. ती पाहून घाबरू नका, तिनेच उलटी आणि फुगारा कमी होतो. एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात. चिकटपट्ट्यांचा अडथळा पुष्कळदा एवढ्यानेच दोन-तीन दिवसांत सुटतो. बाळाचे शिरलेले आतडे गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडूनही बहुधा मोकळे होते. आतडे आवळले असेल तर मात्र ऑपरेशनच, आणि तेही ताबडतोब. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आधीच करण्यासारखे

हर्निया असेल तर सुगी संपली की ऑपरेशन करून घ्या. ठरवून केलेले ऑपरेशन सोपे असते. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मुलांना गोळी देतात, ती चुकवू नका.

अण्णा त्यानंतर बारा वर्षे जगले, नातीचे लग्न पाहून गेले. दरवर्षी हुरडा खाताना ते मला म्हणायचे, “बाळा, दोष हुरड्याचा नव्हता रे, आपल्या उशिराचा होता.” तेवढे ध्यानात ठेवा.