घर कधी दुकान होतं? इंग्लंडमधील काउन्सिल, घरगुती व्यवसाय आणि ढिगाचा जुना प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण सीमारेषांविषयी बोललो होतो. ते ऐकून लंडनजवळच्या एका गावात राहणाऱ्या मराठी बाईंनी आम्हाला पत्र लिहिलं. मागच्या खोलीत त्या शिवणकाम करतात. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत थोडी घाई. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि काउन्सिलच्या नियोजन खात्याचं चौकशीचं पत्र आलं. त्या विचारतात, "सर, माझ्या आईने गिरगावच्या चाळीत आयुष्यभर हेच केलं, तिला कुणी काही विचारलं नाही. माझ्याच घरात मी मशीन चालवते, यात काउन्सिलचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

संबंध येतो तो 1947 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यापासून. 1 जुलै 1948 पासून तो लागू झाला. जमिनीची मालकी मालकाकडेच राहिली, पण तिचा 'विकास' करायचा तर परवानगी हवी, असं ठरलं. आज इंग्लंडमध्ये 1990 चा कायदा चालतो. त्याच्या 55 व्या कलमात विकासाचे दोन अर्थ आहेत. एक, बांधकाम, खोदकाम वगैरे. दुसरा, इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात 'मटेरियल' बदल. मटेरियल म्हणजे दखल घेण्याजोगा. भिंत न हलवता, खिळासुद्धा न ठोकता तुम्ही 'विकास' करू शकता, तो असा.

आपल्याकडेही याचे धागे आहेत बरं का. महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक आणि नगररचना कायद्यातली विकासाची व्याख्या जवळजवळ याच शब्दांत आहे. तेव्हा ही गोष्ट फक्त परदेशातली समजू नका.

आता मुख्य अडचण. दखल घेण्याजोगा म्हणजे किती? दिवसाला तीन गिऱ्हाइकं? तेरा? कायद्यात आकडा नाही. इंग्लंडची न्यायालयं म्हणतात, हा वस्तुस्थितीचा आणि प्रमाणाचा प्रश्न आहे, प्रत्येक घराचा वेगळा.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे जुनी ओळख पटते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर एक कोडं सांगितलं जाई. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. त्यात एक टाकला तरी ढीग होत नाही. मग ढीग होतो कधी? एका दाण्याने फरक पडत नाही, आणि तरीही ढीग आणि दाणा यांत फरक आहेच. एका गिऱ्हाइकाने घराचं दुकान होत नाही, पण कधीतरी ते झालेलं असतं.

पुष्कळांना वाटतं की पैसे मिळवले की व्यवसाय, आणि व्यवसाय म्हटला की परवानगी. तसं नाही. 1991 च्या वॉलिंग्टन खटल्यात एका बाईंनी राहत्या घरी 44 कुत्रे पाळले होते. धंदा नाही, निव्वळ छंद. तरीही अपील न्यायालयाने काउन्सिलची सहा कुत्र्यांची मर्यादा कायम ठेवली. राहत्या घराच्या ओघात येणारा वापर म्हणजे मालकाच्या मनात येईल ते सगळं नव्हे, त्याला वाजवीपणाची कसोटी आहे, असं ठरलं. उलट, घरातल्या टेबलापाशी बसून कुणी लाखो पौंड मिळवणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या, तर परवानगी लागत नाही. नियोजनाचा कायदा तुमचा हेतू विचारत नाही, कमाई विचारत नाही. त्या जागेचं आता काय झालं आहे, एवढंच विचारतो.

आकडा नसला तरी प्रश्न आहेत. सरकारी मार्गदर्शनाचं सार असं: जागा आधी घर आणि मग व्यवसाय राहिली पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी बघतात. घर मुख्यतः राहण्यासाठी उरलं आहे का? माणसांची, गाड्यांची ये-जा ठळकपणे वाढली का? त्या वस्तीत सहसा न होणारं काम तिथे चालतं का? आवाज, वास, अवेळी वर्दळ यांचा शेजाऱ्यांना त्रास होतो का?

आपल्या लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. पुढे पद्धत अशी पडली की पीठ केंद्रावर मळायचं, लाट्या घरी न्यायच्या आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे. त्या चार प्रश्नांना हे लावून पाहा. घरात आलं ते फक्त पोळपाट-लाटण्याचं काम. पीठ मळण्याची गिरणीच कुणी त्या खोलीत बसवली असती, तर उत्तर बदललं असतं. पापड तेच, बायका त्याच, फरक फक्त जागेवर पडणाऱ्या भाराचा.

आता या बाईंनी करायचं काय? पहिलं, घाबरायचं नाही आणि पत्र खणात टाकायचं नाही. पत्र साधं असेल तरी उत्तर द्यावं. ती रीतसर माहिती मागणारी नोटीस असेल, तर 21 दिवसांत उत्तर न देणं हा गुन्हा ठरू शकतो. दुसरं, वही घालायची. रोज किती जणी येतात, किती वाजता, मशीन किती तास चालते, खोली संध्याकाळी कशासाठी वापरतात. 'फार लोक येतात' या तक्रारीला 'फार येत नाहीत' हे उत्तर नव्हे, वही हे उत्तर आहे.

बदल दखल घेण्याजोगा नाही अशी खात्री असेल, तर काउन्सिलकडून कायदेशीर वापराचा दाखला मागता येतो. तिथे पुराव्याची जबाबदारी अर्जदाराची. असा वापर अखंड दहा वर्षं चालला असेल, तर एरवी त्यावर कारवाई करता येत नाही. बदल झाला आहे असं स्वतःलाच वाटत असेल, तर परवानगीचा अर्ज करावा. छोट्या अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो, आणि बहुतेक निर्णय समितीपुढे न जाता अधिकारीच देतात. 'हो' किंवा 'नाही' एवढेच पर्याय नसतात. कामाच्या वेळा, एका वेळी किती गिऱ्हाइकं, अशा अटींवरही परवानगी मिळते. कारवाईची नोटीस आलीच, तर ती अमलात येण्याच्या तारखेआधी अपील करावं लागतं. ती तारीख चुकली की दार बंद.

शेजाऱ्यांचंही ऐकायला हवं. त्यांची झोप, त्यांचा रस्ता हेही खरंच आहे. पण पन्नास सह्यांचा अर्ज केवळ पन्नास सह्यांमुळे जिंकत नाही, कारणं वजनदार असावी लागतात. 'आमच्या घराची किंमत उतरेल' हे कारण नियोजनात सहसा धरत नाहीत. 'रात्री नऊनंतर गाड्यांची दारं आपटतात' हे धरतात. परवानगी मिळाली तर शेजाऱ्याला अपील नसतं, अर्जदाराला मात्र नकाराविरुद्ध असतं, हेही लक्षात ठेवा.

मग आकडाच का ठरवू नये? दिवसाला पाच माणसं, संपला वाद! आम्हाला हे पटत नाही. पाच जणी पायी येऊन दहा मिनिटांत जातात आणि पाच व्हॅन रस्ता अडवून उभ्या राहतात, या दोन गोष्टी एक नव्हेत. आकडा त्यांना एक करतो. पण आकडा नसण्याचीही किंमत असते, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याला सफाईदार इंग्रजी पत्र लिहिता येतं, सल्लागार परवडतो, त्याच्यासाठी अस्पष्टता म्हणजे मोकळीक. ज्या बाईचा संसार शिलाईवर चालतो, तिच्यासाठी तीच अस्पष्टता म्हणजे रात्रीची जाग. विवेकावर सोडलेला कायदा न्याय्य राहायचा असेल, तर अधिकाऱ्याने कारणं लिहून द्यायला हवीत आणि आपण ती मागायला हवीत.

शेवटी, त्यांच्या आईबद्दल. गिरगावात कुणी विचारलं नाही, कारण शेजारीण स्वतःच ब्लाउज शिवून घ्यायला येत होती. जिथे शेजार आपसांत बोलतो, तिथे काउन्सिलला बोलावं लागत नाही. म्हणून बाईंना आमचा सल्ला एवढाच: उत्तर लिहा, वही ठेवा, पण त्याआधी एकदा शेजाऱ्यांची बेल वाजवा आणि नेमका त्रास कशाचा होतो ते विचारा. कदाचित प्रश्न मशीनचा नसेल, त्यांच्या फाटकासमोर लावलेल्या गाडीचा असेल.

पुढच्या वेळी 'वाजवी' या शब्दाकडे वळू.