दोन टक्के आणि कंपनीचे हित

कंपनी कायद्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे ते सांगते. पुष्कळ ठिकाणी याचा अर्थ मार्चअखेरीस दप्तरे वाटणे एवढाच उरतो.

हा खर्च उद्योगाच्या धोरणाशी जोडावा, असे मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २००६ मध्ये मांडले. त्यांनी दिलेले एक उदाहरण पंजाबातील मोग्याचे. नेस्लेने १९६१ मध्ये तेथे दुधाचा कारखाना काढला, गावोगाव दूध थंड ठेवण्याची सोय केली, गुरांसाठी पशुवैद्य पाठवले. शेतकऱ्याचे दूध वाढले, कारखान्यालाही ते मिळाले. विचार मला पटतो. पण असा खर्च आज दोन टक्क्यांत बसणे अवघड. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांची सोय, मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व, हे सारे नियमांनी वगळले आहे.

मग वाट एकच दिसते: कंपनीला भेडसावणारी उणीव निवडावी आणि ती सर्वांसाठी भरून काढावी. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने जवळच्या आयटीआयला यंत्रे द्यावीत, निदेशकांना प्रशिक्षण द्यावे. शिकलेली काही मुले प्रतिस्पर्ध्याकडे जाणारच. ते मान्य असल्याचे संचालक मंडळाने पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे. नाहीतर तिसऱ्या वर्षी कोणीतरी मुलांपुढे नोकरीचा करारनामा सरकवतो.