लग्नाचे फोटो काढले, पण कार्डच उकललं! मेमरी कार्ड का मोडतं आणि मोडल्यावर काय करायचं?

लग्नसराई सुरू झाली की गावोगावच्या फोटोग्राफरला दम खायला वेळ नसतो. सकाळी हळद, दुपारी लग्न, रात्री वरात. दर कार्यक्रमानंतर कॅमेऱ्यातून कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं, फोटो उतरवून घ्यायचे आणि कार्ड परत कॅमेऱ्यात घालायचं. अशाच घाईत एखाद्या दिवशी स्क्रीनवर 'कार्ड लॉक' किंवा 'कार्ड एरर' येतं. बाहेर काढून बघावं तर कडेचं प्लास्टिक उकललेलं. आता लग्न काही परत लावता येत नाही.

अशा वेळी एक गोष्ट आधी समजून घ्या. बऱ्याचदा मोडतं ते वरचं प्लास्टिक. फोटो आतल्या चिपमध्ये असतात आणि ती शाबूत असू शकते.

कार्ड नेमकं कुठं मोडतं?

कॅमेऱ्यात बहुतेक वेळा एसडी कार्ड असतं. सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये ते आणलं. लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४ आणि जाडी फक्त २.१ मिलिमीटर. त्याला स्क्रू नसतो. प्लास्टिकचे दोन पातळ तुकडे कडेला एकमेकांना चिकटवलेले असतात.

पहिली कमजोर जागा म्हणजे हा कडेचा जोड. नख घालून कार्ड ओढलं की तो उकलतो.

दुसरी जागा मागच्या सोनेरी पट्ट्यांमधली. तिथं प्लास्टिकच्या अगदी बारीक दांड्या असतात. त्या तुटल्या तर तुकडा कॅमेऱ्यात अडकतो, पिन वाकू शकते.

तिसरी जागा बाजूचं लॉकचं छोटं बटण. ते गळून पडलं की कॅमेऱ्याला कार्ड लॉक आहे असंच वाटतं आणि नवा फोटो निघत नाही.

दहा हजार वेळा चालायला पाहिजे, मग?

एसडी कार्ड साधारण १० हजार वेळा आत-बाहेर केलं तरी टिकावं, असं धरलेलं असतं. हिशेब करून बघा. दिवसाला दोन कार्यक्रम असले तर कॅमेरा आणि लॅपटॉप मिळून कार्ड चार वेळा आत जातं. वर्षात असे १०० दिवस धरले तरी ४०० वेळा. म्हणजे २५ वर्षं पुरायला पाहिजे.

पण हा आकडा कार्ड सरळ आणि स्वच्छ घातलं तर खरा. आपल्याकडं हाताला हळद असते, मांडवात धूळ असते, कार्ड पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर फिरतं. घाईत तिरकं दाबलं जातं. सगळा भार त्या दोन मिलिमीटरच्या प्लास्टिकवर येतो.

मोडलंच तर

• मोडकं कार्ड परत कॅमेऱ्यात घालू नका. अडकलं तर कॅमेरा उघडावा लागतो.
• फॉरमॅट करू नका आणि त्याच कार्डावर नवे फोटो काढू नका.
• फेविक्विक लावू नका. सोनेरी पट्टीवर गेलं तर कार्ड वाचलंच जाणार नाही.
• फक्त लॉकचं बटण पडलं असेल तर त्या खाचेवर पातळ सेलोटेपचा छोटा तुकडा लावा. पट्ट्यांवर येऊ देऊ नका. फोटो उतरवले की कार्ड बदला.
• कवच उकललं असेल तर साध्या यूएसबी कार्ड रीडरमध्ये अलगद लावून बघा. रीडर बिघडला तर नवा आणता येतो. कार्ड दिसलं की आधी सगळे फोटो कॉपी करा.
• आतली चिपच तडकली असेल तर घरी खटपट नको. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडं द्या. तरी फोटो मिळतीलच असं नाही.

मोबाईलमधलं मायक्रो एसडी कार्ड तर १ मिलिमीटर जाडीचं असतं आणि अख्खं एकाच ठोकळ्यात बनवलेलं. त्याला उकलायला जोड नाही, पण वाकलं तर चिपच तडकते. पाकिटात ठेवून वर बसू नका.

मोडू नये म्हणून

कार्ड काढताना ओढू नका. आत दाबलं की स्प्रिंगनं आपोआप वर येतं. शक्य असेल तिथं कार्ड न काढता केबल जोडून फोटो उतरवा. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर फोटो दोन्हीवर जातील असं सेटिंग ठेवा. कार्ड डबीतच ठेवा. कडा उकलताना दिसली की त्याच दिवशी ते कार्ड बाजूला करा.

लग्नघरच्यांनीही सुपारी देतानाच विचारून घ्यावं, की त्याच रात्री फोटोंची दुसरी कॉपी कुठं ठेवणार? अल्बम यायला महिने लागतात. तोवर आपला पेनड्राइव्ह देऊन एक कॉपी घरी आणून ठेवलेली बरी.