अंगणातील रानकोपरा : वसंतात करावयाची तयारी

माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे बोरिवली आणि मुलुंड ह्यांच्या मधल्या डोंगरांवर रान दोन रूपांनी दिसू लागते. वर पळस, पांगारा आणि काटेसावर ह्यांची लाल-केशरी फुले. आणि पाने गाळून उघड्या पडलेल्या झाडांच्या पायाशी वाळलेल्या पाचोळ्याचा जाड थर. पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच फुलांवर खिळते. शिक्षकाने मात्र मुलांची दृष्टी पाचोळ्याकडे वळवावी. कारण घराच्या अंगणात किंवा शाळेच्या आवारात लहानसे रान उभे करावयाचे असेल, तर त्याचा आरंभ तेथूनच होतो.

वसंत म्हणजे लागवडीचा काळ, ही समजूत थंड देशांसाठी खरी आहे. तेथे बर्फ वितळून जमीन ओली होते व ऊन कोवळे असते. आपल्या कोकणपट्टीत नेमके उलट घडते. फाल्गुनापासून मृग नक्षत्रापर्यंत पाऊस नसतो, ऊन वाढत जाते आणि त्यातच उन्हाळ्याची सुटी येते. फाल्गुनात हौसेने लावलेल्या रोपास मे महिन्यात पाणी घालणारे कोणी उरत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांस तेथे वाळलेली काडी दिसते. एक रोप गेले ह्याचे नुकसान थोडे आहे; परंतु ‘आपण लावलेले जगत नाही’ ही समजूत एकदा मुलाच्या मनात बसली, म्हणजे ती घालविणे फार कठीण जाते. म्हणून नियम असा ठेवावा की, वसंतात तयारी करावी आणि पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी.

रान स्वतः हेच करते. मुंबई उपनगरांच्या मधोमध सुमारे 100 चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बरीचशी झाडे कोरड्या दिवसांत पाणी वाचविण्यासाठी पाने टाकतात. ती पाने जमिनीवर पांघरुणासारखी पसरतात, त्यामुळे मातीतील ओल लवकर उडत नाही. पुढे पाऊस पडला की बुरशी, वाळवी व गांडुळे त्या पाचोळ्याची माती करतात. ही भुसभुशीत माती पावसाचे पाणी धरून ठेवते व हळूहळू सोडते. ह्याच डोंगरांतील पाण्यावर विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव भरतात. आपण मात्र शाळेचे आवार झाडून तीच पाने गोळा करतो आणि पेटवून देतो.

तेव्हा पहिले काम हे की, पाने जाळू नयेत. आवाराच्या एका कडेस, शक्यतो एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलीत, दोन-तीन मीटर लांबी-रुंदीची जागा दगडांनी आखून घ्यावी. रोजचा पाचोळा तेथे वीतभर जाडीचा पसरावा, त्यावर मूठ-मूठ माती टाकावी व हात धुतलेले पाणी तिकडे वळवावे. दुसरे काम बियांचे. करंजाच्या व बहाव्याच्या पक्व शेंगा ह्या दिवसांत रस्त्याकडेच्या झाडांखाली सापडतात. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते. म्हणून ती खरबरीत दगडावर थोडी घासून रात्रभर पाण्यात भिजवावी, म्हणजे लवकर रुजते. बिया सुकवून, नाव लिहून ठेवाव्यात व जूनमध्ये पेराव्यात. राष्ट्रीय उद्यानातून मात्र बी, रोप किंवा माती काहीही आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे.

ह्या कोपऱ्यास मौजेचे रूप देणे मुलांवरच सोपवावे. दिवाळीत किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी आपली मुले ह्या कलेत मुळीच कच्ची नाहीत. गारगोट्यांची पायवाट, करवंटीतील तळे, वाळक्या फांदीचा पूल आणि मातीचा वाघ त्यांस सहज सुचेल. करवंटीतील पाणी आठवड्यातून दोनदा तरी ओतून टाकावे, नाहीतर त्यात डास वाढतील. पाचोळ्यात विंचू किंवा साप असू शकतो. म्हणून कोपरा वर्गाच्या दारापासून दूर असावा आणि दगड शिक्षकांनी प्रथम काठीने उलटावा. शिमग्याच्या दिवसांत तेथे ठिणगी पोहोचणार नाही, हेही पाहावे.

अंगण नसले तरी अडत नाही. अंधेरी-घाटकोपरच्या चाळीतील गॅलरीतही फुटक्या माठात खाली खापऱ्या, वर पाचोळा व माती भरून पावसाच्या आरंभी लिंबू, कढीपत्ता किंवा पानफुटी लावता येते. लिंबू व कढीपत्ता ह्यांच्या पानांवर फुलपाखरे अंडी घालतात. त्यांतून निघणारी अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पुढे हिरवी होते. तिने पाने खाल्ली म्हणून औषध फवारू नये. ती पानेच तिचे अन्न होय. 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या नीलवंताची अळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावरील ओवळे येथे व्यवसायाने शिक्षक असलेल्या श्री. राजेंद्र ओवळेकर ह्यांनी घरच्या जमिनीत अशाच वनस्पती लावून फुलपाखरांची बाग उभी केली आहे.

सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी मुलांकडून दोन नोंदी करून घ्याव्यात : पाचोळ्याची उंची किती, आणि खालची माती कशी आहे. शाळा उघडून आठ-पंधरा दिवसांचा पाऊस झाल्यावर त्याच मुलांनी तीच जागा पुन्हा मोजावी. थर खाली बसलेला असेल, माती काळसर झालेली असेल, कदाचित गांडूळही दिसेल. मग त्या मातीत करंज व बहावा पेरावा. त्या दिवशी निसर्गाच्या पाठासाठी पुस्तक उघडण्याची गरज पडणार नाही.