पॅन्सी, टोस्ट आणि कुत्र्यानं खाल्लेला शेवट

‘कादंबरी एका बैठकीत लिहून काढली’ असं लेखक मुलाखतीत सांगतो आणि आपण भारावतो. भारावण्याआधी कच्चं बाड बघायला मागावं. जॅक केरुअ‍ॅकनं ‘ऑन द रोड’ एप्रिल १९५१मध्ये तीन आठवड्यांत टाइप केली, तीही कागद बदलायला थांबावं लागू नये म्हणून ताव चिकटवून केलेल्या १२० फुटी गुंडाळीवर. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. त्याआधी कित्येक महिने तो वह्या भरत होता आणि नंतर पुस्तक छापून यायला १९५७ उजाडलं. मधली वर्षं नकार पचवण्यात आणि दुरुस्त्या करण्यात गेली. दंतकथेत मात्र तेवढे तीन आठवडे उरले. त्या गुंडाळीचं शेवटचं टोक आज नाही. पोचकी नावाच्या कुत्र्यानं ते खाल्लं, अशी नोंद गुंडाळीवरच आहे.

कुत्र्यांना साहित्याची गोडी जुनीच. १९३६मध्ये जॉन स्टाइनबेकच्या टोबी या पिल्लानं ‘ऑफ माइस अँड मेन’च्या अर्ध्या हस्तलिखिताच्या चिंध्या केल्या. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचं काम पाण्यात. स्टाइनबेकनं पिल्लाला नेहमीचे चार फटके दिले आणि पत्रात लिहिलं की बिचाऱ्यानं कदाचित समीक्षा केली असेल! कादंबरी पुन्हा लिहून झाली आणि १९३७मध्ये आलीसुद्धा.

आता नावांची गंमत. ‘गॉन विथ द विंड’ची स्कार्लेट ओ’हारा हस्तलिखितात बराच काळ पॅन्सी ओ’हारा होती. मार्गारेट मिचेलनं कादंबरीचं शेवटचं प्रकरण सर्वात आधी लिहिलं होतं. म्हणजे शेवट ठरला होता, पण नायिकेचं नाव पक्कं नव्हतं. कॉनन डॉयलच्या टिपणात होम्सचं नाव शेरिनफर्ड आणि त्याच्या जोडीदाराचं ऑर्मंड सॅकर. डॉक्टर सॅकर! बरं झालं खोडलं.

मार्सेल प्रूस्तची मादलीन तर जगप्रसिद्ध. चहात बुडवलेल्या त्या छोट्या केकच्या चवीनं सगळं बालपण परत येतं. पण २०१५मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या वह्यांत आधीच्या खर्ड्यात आहे मध लावलेला टोस्ट, पुढच्या खर्ड्यात कडक बिस्किट, आणि मग कुठे मादलीन. टोस्ट तसाच राहिला असता तर समीक्षकांनी त्याच्यावरही प्रबंध लिहिले असते, याबद्दल मला शंका नाही.

कट-पेस्ट संगणकानं आणलं असं वाटत असेल, तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जेन ऑस्टेनचं ‘द वॉटसन्स’ हे अपुरं हस्तलिखित आहे. मजकूर वाढवायचा तिथे तिनं कागदाचे तुकडे चक्क टाचण्यांनी टाचले.

हेमिंग्वेनं १९५८च्या मुलाखतीत सांगितलं, ‘अ फेअरवेल टु आर्म्स’चा शेवट आपण ३९ वेळा लिहिला. बढाई वाटावी असा आकडा. पुढे त्याच्या नातवानं कागदपत्रं तपासली तर ४७ शेवट सापडले, आणि २०१२च्या आवृत्तीत ते छापलेही. त्यांतला एक मित्र फिट्झजेराल्डनं सुचवल्याप्रमाणे केलेला होता. त्याच फिट्झजेराल्डनं सूचनांचं दहा पानी पत्र पाठवलं, तेव्हा हेमिंग्वेनं त्याखाली एक सणसणीत शिवी लिहून ठेवली.

आपल्याकडचा किस्सा आर. के. नारायण यांचा. पहिल्या कादंबरीला नकारांवर नकार आले, तेव्हा त्यांनी इंग्लंडमधल्या मित्राला कळवलं: हस्तलिखिताला दगड बांध आणि थेम्समध्ये बुडव. मित्र शहाणा निघाला. त्यानं बाड ग्रॅहम ग्रीनच्या हाती दिलं. ग्रीननं प्रकाशक गाठला, शीर्षक बदलायला लावलं आणि लेखकाचं लांबलचक नावही आखूड करवलं. १९३५मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आलं.

मात्र दुसऱ्याच्या हातातली कात्री नेहमीच इतकी प्रेमळ नसते. रेमंड कार्व्हरचा १९८१चा कथासंग्रह ‘व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह’ वाचून लोक त्याच्या काटकसरी शैलीवर लट्टू झाले. ती काटकसर बरीचशी संपादक गॉर्डन लिशची होती. त्यानं एकूण मजकूर अर्ध्याहून अधिक उडवला, कथांची नावं बदलली, शेवट छाटले. जुलै १९८०मध्ये कार्व्हरनं पत्र लिहून छपाई थांबवण्याची अक्षरशः विनवणी केली होती. पुस्तक निघालंच, आणि त्यानंच तो मोठा झाला! आता या नात्याला काय म्हणायचं?

त्यातली ‘द बाथ’ ही कथा बघा. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला गाडी धडकते, तो इस्पितळात बेशुद्ध, आणि केक न्यायला कोणी आलं नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. लिशच्या कात्रीनंतर कथा फोन वाजतो तिथेच तुटते. कार्व्हरनं १९८३च्या संग्रहात हीच कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ नावानं भरभरून छापली. तीत मुलगा जातो, आईबाप रागानं बेकरीत पोचतात आणि तो बेकरीवाला त्यांना ताजा पाव खायला घालतो. लिशनं हात लावण्याआधीचा सगळा संग्रह २००९मध्ये ‘बिगिनर्स’ नावानं निघाला. तेव्हा कार्व्हर जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

माझं मत लांब कथेच्या बाजूनं आहे. पावाशिवाय ती कथा मला उपाशी वाटते. तुम्ही दोन्ही वाचा आणि पटलं नाही तर खुशाल भांडा.